कुलपातला सुखान्त

शेवट आधीच सांगून टाकतो. ‘मॉरिस’ या चित्रपटातले दोघे पुरुष शेवटी मरत नाहीत, तुरुंगात जात नाहीत, लग्नं करून आपापल्या संसारात कुढत बसत नाहीत. तळ्याकाठच्या होड्यांच्या खोपीत ते एकमेकांना सापडतात आणि यापुढे वेगळं व्हायचं नाही, असं ठरवतात. रहस्यपट असता तर प्रस्तावना लिहिणाऱ्याने हे फोडायला नको होतं. इथे मात्र शेवट ठाऊक असून पाहिलेलं बरं, कारण सगळी भानगड या शेवटापायीच झाली. ज्या कादंबरीवर हा चित्रपट बेतलाय ती इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरने 1913-14 मध्ये लिहून पूर्ण केली. ती छापली गेली 1971 मध्ये, तो वारल्यानंतर. 1960 मध्ये जोडलेल्या टिपणात त्याने कारण सांगून ठेवलं आहे: एखाद्याला गळफास लावून घ्यायला लावला असता, किंवा दोघांना मिळून जीव द्यायला लावला असता, तर कुणाची फारशी हरकत नसती. शिक्षा न होता ते सुटतात, म्हणून ही गोष्ट गुन्ह्याला उत्तेजन देणारी ठरते.

गुन्हा हा शब्द तिथे अलंकारिक नव्हता. इंग्लंडमध्ये 1885 च्या कायद्याने दोन पुरुषांमधलं कोणतंही ‘अश्लील’ वर्तन दोन वर्षांच्या सक्तमजुरीला पात्र ठरवलं होतं, मग ते बंद दाराआड का असेना. ऑस्कर वाइल्ड 1895 मध्ये याच कलमाखाली आत गेला, दोन वर्षांनी बाहेर आला तो खचलेला, आणि 1900 मध्ये पॅरिसमध्ये वारला. आपल्याकडचं 377 कलम त्याच्याही आधीचं, 1860 च्या दंडसंहितेतलं, आणि त्यात जन्मठेपेपर्यंतची तरतूद होती. इंग्लंडने 1967 मध्ये आपला कायदा सैल केला. आपण साहेबाचं कलम त्यानंतर आणखी अर्धं शतक इमानाने सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीचे संबंध त्यातून मोकळे केले ते 6 सप्टेंबर 2018 ला.

1967 मध्ये फॉर्स्टर 88 वर्षांचा होता, शुद्धीत होता, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात राहत होता. कायद्याची भीती संपली होती. तरी त्याने हस्तलिखित बाहेर काढलं नाही. क्रिस्टोफर इशरवुडसारखे मित्र केव्हापासून मागे लागले होते. पण टंकलिखित प्रत विश्वासातल्या माणसांत हातोहात फिरत राहिली, आणि अधूनमधून म्हातारा तीत दुरुस्त्या करत राहिला. सवय झालेला माणूस साखळी तुटल्यावरही तेवढ्याच घेरात फिरतो, तसं काहीसं. अर्पणपत्रिकेत कुणा माणसाचं नाव नाही. पुढे कधीतरी उगवेल अशा एखाद्या बऱ्या वर्षाला त्याने पुस्तक वाहिलं होतं.

पुस्तक सुचलं कसं, तेही त्यानेच सांगितलंय. डर्बीशरमधल्या मिलथॉर्प या खेड्यात एडवर्ड कार्पेंटर नावाचा समाजवादी लेखक जॉर्ज मेरिल या कामगार वस्तीतल्या जोडीदाराबरोबर उघड संसार थाटून राहत होता. (हाच कार्पेंटर 1890 च्या सुमाराला सिलोन आणि हिंदुस्थान फिरून गेला. त्याच्या प्रवासवर्णनाच्या शीर्षकातच आपली घारापुरी आहे.) 1913 मध्ये फॉर्स्टर त्यांच्याकडे गेला असताना मेरिलने सहज त्याच्या कमरेखाली हात ठेवला. बस, एवढंच. त्या स्पर्शासरशी आख्खी कादंबरी डोक्यात उभी राहिली, असं फॉर्स्टर म्हणतो. चार कादंबऱ्या नावावर असलेला, आईबरोबर राहणारा, चौतिशीचा बुजरा गृहस्थ. त्याने त्या घरात जे पाहिलं ते महत्त्वाचं होतं: एक शिकलेला भद्र पुरुष आणि एक गरीब वस्तीतला माणूस एका छपराखाली राहतायत आणि आभाळ कोसळलेलं नाही.

आता गोष्ट. मॉरिस हॉल हा लंडनच्या उपनगरातला, खाऊनपिऊन सुखी घरातला, फारसा विचार न करणारा मुलगा. फॉर्स्टरने त्याला मुद्दाम स्वतःहून वेगळा केला, देखणा, धडधाकट, बेताच्या बुद्धीचा. चित्रपट सुरू होतो समुद्रकिनाऱ्यावर. वडील नसलेल्या या पोराला स्त्रीपुरुषसंबंध समजावून सांगायची जबाबदारी मास्तर डुसी स्वतःवर घेतात आणि हातातल्या काठीने ओल्या वाळूत आकृत्या काढून दाखवतात. सगळं कसं पवित्र, ईश्वरी योजना वगैरे. दहा वर्षांनी बायकोला घेऊन माझ्याकडे जेवायला ये, असं आमंत्रणही देतात. थोडं पुढे गेल्यावर त्यांना आठवतं की आकृत्या पुसायच्या राहिल्या, आणि तिकडून तर माणसं येतायत! सायमन कॅलोने डुसीची ती तारांबळ अशी केलीय की हसू आवरत नाही. पण मॉरिसला त्याच क्षणी कळून चुकतं की या माणसाने आपल्याला काहीच खरं सांगितलेलं नाही. ज्याला पवित्र म्हणायचं त्याचीच लाज वाटते, ही या समाजाची रीत पहिल्या पाच मिनिटांत वाळूवर काढून दाखवलेली आहे.

पुढे केंब्रिज. वर्गात ग्रीक मजकुराचं तोंडी भाषांतर चाललंय आणि प्राध्यापक निर्विकार आवाजात सांगतात, ग्रीकांच्या त्या दुर्गुणाचा उल्लेख गाळून पुढे चला. क्लाइव्ह डरहॅम हा जमीनदार घराण्यातला हुशार मुलगा नेमकं तेच गाळलेलं वाचून स्वतःला ओळखू लागलेला आहे. तो मॉरिसला प्लेटो वाचायला लावतो, प्रेम व्यक्त करतो, मॉरिस आधी हादरतो आणि मग आपणहून त्याच्या खिडकीतून आत शिरतो. दोघांचं जमतं, पण क्लाइव्हच्या अटीवर: शरीर आणायचं नाही. ते उच्च, शुद्ध वगैरे राहिलं पाहिजे. क्लाइव्ह झालेला ह्यू ग्रँट तेव्हा कुणाला फारसा माहीत नव्हता. लोकप्रिय झाल्यावर त्याने जी डोळे मिचकावणारी, अडखळत बोलणारी पात्रं रंगवली ती अनेकांना आवडतात, पण माझ्या मते त्याचं सर्वांत चांगलं काम इथेच आहे. क्लाइव्ह वाईट नाही. तो भित्रा आहे आणि आपल्या भीतीला तत्त्वज्ञान समजतो. असा माणूस पडद्यावर दाखवणं खलनायक दाखवण्यापेक्षा कितीतरी अवघड.

कादंबरीत क्लाइव्ह बदलतो ते जवळजवळ आपोआप. आजारपण होतं, ग्रीसचा प्रवास होतो, आणि अथेन्सच्या जुन्या नाट्यगृहात बसल्या बसल्या त्याला कळतं की आपल्याला आता बायका आवडतात. वाचकाला हे कधीच पटलेलं नाही. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी आणि सहलेखक किट हेस्केथ-हार्वी यांनी इथे एक भर घातली. रिझ्ली या मॉरिस-क्लाइव्हच्या केंब्रिजच्या बडबड्या मित्राला एका सैनिकाच्या आमिषाने पकडलं जातं, खटला होतो, सक्तमजुरीची शिक्षा होते आणि त्याचा सत्यानाश होतो. क्लाइव्ह हे बातम्यांतून वाचतो. त्यानंतर तो जे काही करतो, लग्न, निवडणूक, मिशी, त्या सगळ्याला कारण मिळतं. मूळ कलाकृतीत भर घालणं मला सहसा रुचत नाही, पण ही भर कादंबरीपेक्षा शहाणी आहे. आणि तिच्यात एक खोच आहे: रिझ्लीचं पात्र फॉर्स्टरने आपल्या लिटन स्ट्रेची या लेखकमित्रावरून बेतलं होतं.

मॉरिस एकटा पडतो. घरच्या डॉक्टरकडे जातो. आपल्याला काय झालंय हे सांगायला त्याच्याकडे ऑस्कर वाइल्डच्या नावाखेरीज दुसरी भाषाच नाही. डॉक्टर ऐकूनच घेत नाहीत. मग संमोहनवाला, बेन किंग्जलीने त्याला गमतीदार केलंय, पण दोन तास वीस मिनिटांच्या या चित्रपटात हाच भाग जरा रेंगाळतो. इथे चहा घेऊन आलात तरी चालेल.

मात्र मॉरिस क्लाइव्हच्या पेंडर्स्ले या वाड्यावर परत येईपर्यंत नक्की या, आणि आल्यावर नायकांकडे पाहू नका, नोकरांकडे पाहा. या चित्रपटाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही. वेशभूषेचं ऑस्कर नामांकन मिळालेले ते कोट आणि गळपट्टे, प्येर लोमच्या कॅमेऱ्यातली हिरवळ, बशीवर कपाचा आवाज, याने डोळे दिपतात आणि ‘वा, काय सुंदर इंग्लंड’ म्हणत प्रेक्षक सैलावतो. पण जवळपास प्रत्येक चौकटीच्या कडेला कुणीतरी उभं आहे. कुणी बॅगा उचलतंय, कुणी सकाळचं गरम पाणी घेऊन दारावर टकटक करतंय, कुणी वाढता वाढता कान टवकारून आहे. बड्या घरात एकान्त नावाची गोष्ट नसते, हे ज्यांनी गडीमाणसांच्या घरात बालपण काढलंय त्यांना वेगळं सांगायला नको. ज्या माणसांना मालक लोक माणसांत धरत नाहीत त्यांना घरातलं सगळं ठाऊक असतं. भीती पोलिसांची कमी आणि चहा आणणाऱ्याची जास्त.

अ‍ॅलेक स्कडर या कडेच्या गर्दीतला. शिकारीच्या रानाची राखण करणारा गडी, खाटकाचा मुलगा. कादंबरीत तो बराच वेळ नावाशिवाय वावरतो. वाड्याचं छत गळतं म्हणून पियानो सरकवणाऱ्यांत तो असतो, पाहुण्याने पुढे केलेली बक्षिसी नाकारणारा तो असतो. मॉरिसच्या डोळ्यांना तो दिसत नाही, कारण नोकर दिसायचा नसतो. एका रात्री मॉरिस खिडकीतून बाहेरच्या अंधाराला हाक मारतो, कुणालाच नाही अशी, आणि शिडी लावून वर येतो तो अ‍ॅलेक. त्याने हाक ऐकलेली असते. रूपर्ट ग्रेव्ह्जने हा अ‍ॅलेक अवघडलेपण आणि उर्मटपणा दोन्ही ठेवून उभा केलाय. तो प्रेमात आहे, पण साहेबाच्या दयेवर नाही.

सकाळ झाली की मात्र वर्ग परत येतो. अ‍ॅलेक पत्र पाठवतो, मॉरिसला वाटतं हा पैसे उकळणार. ब्रिटिश म्युझियममध्ये दोघं भेटतात ती एकमेकांना धमकावायला. भल्यामोठ्या पुतळ्यांच्या मधून फिरत ते भांडतात, आणि नेमके तिथे मास्तर डुसी उगवतात. विद्यार्थ्याचं नाव त्यांना धड आठवत नाही. मॉरिस शांतपणे म्हणतो, माझं नाव स्कडर. शेअर दलालीच्या पेढीतला भागीदार, चांगल्या घरातला माणूस, गड्याचं आडनाव स्वतःला लावून घेतो. माझ्या दृष्टीने लग्न लागलं ते इथे. खोपीतली भेट त्यानंतरची. या क्षणाला संगीत वाढत नाही, कॅमेरा पुढे सरकत नाही. चुकवू नका.

म्हणून हा चित्रपट नुसता दोन पुरुषांच्या प्रेमाचा आहे असं मी म्हणणार नाही. क्लाइव्हबरोबरचं प्रेम लपूनछपून चाललं असतं. तसं चालवणारे कितीतरी जण त्या वर्गात होते. अ‍ॅलेकबरोबरच्या प्रेमाची किंमत वेगळी आहे. त्यासाठी मॉरिसला पेढी, क्लब, आईचं घर, नाव, सगळं सोडावं लागतं. अ‍ॅलेकला अर्जेंटिनाची बोट सोडावी लागते, म्हणजे गरीब घरातल्या मुलाला आयुष्यात एकदाच मिळणारी संधी. शेवटी मॉरिस सगळं सांगतो तेव्हा क्लाइव्हला बसणारा धक्का दुहेरी आहे: पुरुष, आणि तोही माझा नोकर!

इथे मराठी वाचकाने जरा थांबायला हवं, कारण या कादंबरीच्या आगेमागे फॉर्स्टर आपल्या माणसांत होता. तो हिंदुस्थानात आला 1912 मध्ये, मुख्यतः सय्यद रॉस मसूद या मित्राच्या ओढीने. मसूदवर त्याचं प्रेम होतं, जे त्या अर्थाने परतलं नाही. याच फेरीत तो देवासला गेला. देवास म्हटलं की आपल्याला कुमार गंधर्व आणि माताजीची टेकडी आठवते. फॉर्स्टरच्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकातली टेकडी तीच. एकाच गावात दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार हे राजर्षी शाहू महाराजांचे जावई, आक्कासाहेबांचे यजमान. त्यांचेच चिरंजीव पुढे कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी महाराज झाले. 1921 मध्ये फॉर्स्टर या तुकोजीरावांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने धोतर नेसून, अनवाणी, अंगभर गुलाल झेलत पाहिला. ‘अ पॅसेज टू इंडिया’ या त्याच्या कादंबरीतला शेवटचा भाग त्यातून आला.

पण देवासची दुसरीही एक हकीकत आहे. मित्रांसाठी लिहून ठेवलेलं एक टिपण फॉर्स्टरच्या मृत्यूनंतर, 1983 मध्ये छापलं गेलं. त्यातून दिसतं की राजवाड्यातल्या एका नोकराशी त्याचे संबंध आले, आणि महाराजांना ते सांगितल्यावर त्यांनी त्याला हाकलून न देता सांभाळून घेतलं. एवढंच असतं तर आपण ‘पाहा, आमचे राजे किती उदार’ म्हणून मोकळे झालो असतो. टिपणात पुढे असंही आहे की त्या संबंधात आपल्यात क्रौर्य आलं. तिथे तो साहेब होता आणि समोरचा मिंधा. नकार द्यायची सोय नसलेल्या माणसाशी बरोबरीचं प्रेम होत नसतं. ‘मॉरिस’मध्ये सात वर्षांपूर्वी जे स्वप्न त्याने रंगवलं, वर्गाची भिंत ओलांडून दोन माणसं समोरासमोर उभी राहतील हे, ते त्याच्याच हातून देवासमध्ये मोडलं. अ‍ॅलेक बक्षिसी नाकारतो, भांडतो, धमकावतो, हे कादंबरीत का असावं लागतं ते मला हे टिपण वाचल्यावर जास्त कळलं.

चित्रपट केला तोही मुंबईकराने. निर्माता इस्माईल मर्चंट 1936 मध्ये मुंबईत जन्मला, सेंट झेवियर्समध्ये शिकला, न्यूयॉर्कला गेला आणि तिथे त्याला जेम्स आयव्हरी हा अमेरिकन दिग्दर्शक भेटला. 1961 मध्ये दोघांनी कंपनी काढली. दिल्लीत राहणाऱ्या रूथ प्रवर झाबवाला यांना लेखिका म्हणून बरोबर घेतलं, ‘द हाउसहोल्डर’, ‘शेक्सपियरवाला’, ‘बॉम्बे टॉकी’ केले, आणि पुढे फॉर्स्टरकडे वळले. 1985 चा ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ तुफान चालला. त्या यशावर कुणीही सुरक्षित विषय घेतला असता. यांनी ‘मॉरिस’ घेतला. फॉर्स्टरचे हक्क सांभाळणारे किंग्ज कॉलेजवालेही सुरुवातीला फारसे खूश नव्हते. विषयापेक्षाही, ही त्याची कमअस्सल कादंबरी, असं त्यांचं मत होतं. मॉरिसच्या भूमिकेसाठी ठरलेल्या ज्युलियन सँड्सने आयत्या वेळी अंग काढलं आणि जेम्स विल्बी आला. 1987 च्या व्हेनिस महोत्सवात आयव्हरीला रौप्य सिंह मिळाला, आणि विल्बी व ग्रँट यांना मिळून अभिनयाचं पारितोषिक.

मर्चंट आणि आयव्हरी हे स्वतः जोडीदार होते, 2005 मध्ये मर्चंट जाईपर्यंत, चाळीस वर्षांहून जास्त. याबद्दल ते जाहीरपणे चकार शब्द बोलले नाहीत. मर्चंटचं मुंबईतलं कुटुंब सनातनी मुस्लिम वळणाचं, त्यांना काय वाटेल, हे त्यामागे होतं, असं आयव्हरीने पुढे म्हातारपणी सांगितलं. म्हणजे छपराखाली एक मिलथॉर्प आणि ओठांवर फॉर्स्टरचं कुलूप. पडद्यावर मात्र त्यांनी ते काढून टाकलं. याला कुणी दुटप्पीपणा म्हणेल. मला तो दोन माणसांनी आपल्याला झेपेल तेवढा केलेला धीटपणा वाटतो.

आणि वर्ष कोणतं, तर 1987. ब्रिटनमध्ये घराघरात एड्सची पत्रकं पडत होती, समलिंगी माणूस म्हणजे चालतंबोलतं मरण असं चित्र वर्तमानपत्रं रंगवत होती. त्याच ऑक्टोबरात थॅचरबाईंनी पक्षाच्या अधिवेशनात तक्रार केली की मुलांना समलिंगी असण्याचा हक्क शिकवला जातोय, आणि पुढच्या मे महिन्यात कलम 28 आलं: नगरपालिकांनी समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करायचा नाही. अशा दिवसांत दोन पुरुष एकमेकांना मिठीत घेऊन जगताना दाखवणं हे 1914 पेक्षा फार सोपं नव्हतं. कुलपातली गोष्ट नेमकी लागेल तेव्हा पडद्यावर आली.

या प्रकारच्या कथांना मृत्यू जास्त मानवतो. 2005 चा ‘ब्रोकबॅक माउंटन’ मोठा चित्रपट आहे यात वाद नाही, पण त्यातही एकाला मरावंच लागतं, आणि प्रेक्षक डोळे पुसत, आपण किती सहृदय, असं मानत घरी जातो. आयव्हरीला स्वतःला ऑस्कर मिळालं ते 2018 मध्ये, वयाच्या 89 व्या वर्षी, ‘कॉल मी बाय युअर नेम’च्या पटकथेसाठी. तीही ताटातुटीवर संपणारी. आपल्याकडे रोहन परशुराम कानवडेचा ‘साबर बोंडं’ 2025 मध्ये सनडान्सला जाऊन जागतिक कथापटांचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या सुतकात गावी जातो आणि शेती करणाऱ्या बाळ्याशी त्याचं जुनं नातं पुन्हा उगवतं. तिथेही कुणाला मारून टाकलेलं नाही. दहा दिवसांचं सुतक, पावलापावलाला आडवे येणारे नातेवाईक, लग्न कधी करतोस हा एकच प्रश्न. पेंडर्स्लेचे नोकर जे काम करतात ते तिथे भावकी करते. ‘मॉरिस’ पाहिल्यावर तो पुन्हा पाहा, जास्त मजा येईल.

‘मॉरिस’च्या शेवटावर आक्षेप आहेच, आणि तो जुना आहे. हस्तलिखित वाचून लिटन स्ट्रेचीनेच 1915 मध्ये फॉर्स्टरला कळवलं होतं की हे दोघं सहा महिन्यांच्या वर टिकायचे नाहीत. वर्ग वेगळा, आवडीनिवडी वेगळ्या, बोलतील काय? फॉर्स्टरला हे लागलं असावं. त्याने एक उपसंहारही लिहिला होता, ज्यात काही वर्षांनी मॉरिसच्या बहिणीला ते दोघं जंगलात लाकूडतोड करताना भेटतात. तो कुणालाच आवडला नाही आणि त्याने काढून टाकला. रानात लपून राहायचं इंग्लंड दोन महायुद्धांनी संपवलं, हेही त्याने नंतर मान्य केलं. 1914 च्या ऑगस्टनंतर या वयाच्या धडधाकट पुरुषांचं काय झालं असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. आयव्हरी त्या वाटेला जात नाही, उपसंहार जोडत नाही, स्ट्रेचीला उत्तरही देत नाही. अर्थात पात्रांना सहा महिने मिळाले की साठ वर्षं, यावरून शेवट खरा की खोटा ते ठरत नाही. नवराबायकोच्या गोष्टीत आपण कधी विचारतो का, पुढे किती टिकलं म्हणून?